चावी त्याची, कागद माझा

बाबा,

तुमच्या झिलाचं, माझ्या धाकट्या भावाचं, लायसन्स आज पोस्टाने आलं. पोस्टमन दारात सही मागत उभा होता, आई देवळात गेलेली, तो कामावर, म्हणून पाकीट माझ्या हातात पडलं. नाव त्याचं होतं, फोडायला नको होतं, पण फोडलं. हलक्या वाहनाचं पक्कं लायसन्स, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. ओरोसला पहिल्याच फेरीत पास झाला तो. मी तिसऱ्या वेळी झाले होते. पहिल्या दोन वेळा नापास होऊन एसटीने घरी आले तेव्हा तुम्ही जेवत होतात आणि मान वर न करता "बरा" म्हणालात, एवढंच. त्याला म्हणे तिथल्या साहेबांनी विचारलं, इतकी वर्षं कुठे होतास, हात तर छान बसलाय तुझा. हे त्याने मला नाही सांगितलं, आईला सांगितलं, आणि आईने मला दोनदा ऐकवलं. चाळिशीची बाई मी, कुडाळला रक्त तपासायच्या लॅबमध्ये सतरा वर्षं काम करते, तरी ते कार्ड हातात धरल्यावर माझ्या पोटात असं दुखलं की भांडी तशीच टाकून मागच्या पडवीत येऊन बसले. इथे बसूनच लिहिते आहे. बोलायचो आपण मालवणीत, पण पेन धरलं की माझी शाळेतली मराठी बाहेर पडते, त्याला माझा इलाज नाही.

तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली, म्हणून मधलं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी तुमच्या झिलाने माझ्या गाडीने आपल्या पाववाल्याला उडवलं. तोच पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत येणारा, ज्याच्याकडून तुम्ही चहाबरोबर कडक पाव घ्यायचात. माणूस वाचला, पाय गेल्यातच जमा झाला. चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हतं. पोलीस ठाण्यात मी एक वाक्य बोलले आणि त्या वाक्यापायी तुमच्या झिलावर केस झाली, माझी गाडी गेली, तुमचा टेम्पोही गेला. गावातले अर्धे लोक म्हणतात पोरगी खऱ्याची, अर्धे म्हणतात सख्ख्या भावाला खड्ड्यात घातलं. ते वाक्य मी का बोलले हे कोणालाच ठाऊक नाही. ते सांगायचं तर वाडीवरच्या त्या उघड्या कातळापासून, सड्यापासून सुरुवात करावी लागेल, कारण माझी जळजळ तिथली आहे.

मी अठराची, तो पंधराचा. गाडी शिकायची असं आधी मी म्हटलं होतं. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पो सड्यावर घेऊन गेलात तेव्हा स्टिअरिंगपुढे त्याला बसवलंत. पुढचं दिसत नव्हतं त्याला, म्हणून खाली गोणपाटाची घडी घातलीत. मी विचारलं, माझं काय, तर म्हणालात, "मागे बस गो. गाडयेक वजन होया." रिकामा टेम्पो कातळावर उडतो ना, म्हणून. मी वजन. पूर्ण उन्हाळाभर मी आंब्याच्या रिकाम्या पेट्यांत बसून सड्यावर हिंदकळत होते आणि पुढे तुम्ही त्याला सांगत होतात, "क्लच हळू सोड रे. पायाक कळाक होया, डोक्याक न्हय." अजून दिसतं मला. काचेतून त्याचं डोकं दिसतंय, तुमचा हात त्याच्या हातावर, गिअर बदलताना तुम्ही त्याच्याकडे बघताय. तसं तुम्ही माझ्याकडे कधी बघितलं नाहीत, दहावीला तालुक्यात दुसरी आले तेव्हासुद्धा नाही. गंमत म्हणजे शिकले मीही. इंजिनाचा आवाज ऐकून मागच्या मागे मला कळायचं, आता दुसरा पडायला हवा, आता पाय उचलायला हवा, आणि तो चुकला की मला बरं वाटायचं.

एकदा तुम्ही मालवणला जेट्टीवर गेला होतात, चावी खुंटीला होती. मी खळ्यातल्या खळ्यात टेम्पो पुढे घेतला आणि थांबवता थांबवता गडग्याला लावला. तीन दगड पडले, जास्त काही नाही. संध्याकाळी तुम्ही दगड परत रचलेत आणि म्हणालात, "चेडवा, ता तुझा काम न्हय." ओरडला असतात तर मी भांडले असते. तुम्ही अगदी साध्या आवाजात बोललात, पाण्याची कळशी खाली ठेव म्हणावं तसं. त्याच महिन्यात त्याने शेजाऱ्यांचं फाटक सपाट केलं, तेव्हा तुम्ही हसत हसत नवीन फाटक करून दिलंत. "हात बसाक लागलो," म्हणालात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. आजही होतो.

आणि मग ते गाऱ्हाणं. जुना टेम्पो देऊन तुम्ही जरा बरा टेम्पो घेतला तेव्हा रिवाजाप्रमाणे गाडी देवळापुढे उभी केलीत, नारळ ठेवलात, आणि गावकार गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. आपल्याकडे देवाला मागायचं ते असं चारचौघांत, मोठ्या आवाजात, नावानिशी मागतात. तो म्हणाला, बा देवा महाराजा, ही गाडी आज तुझ्या पायाकडे उभी आसा, ती जो चलयतलो त्या झिलाच्या हाताक यश दी, वाटेर त्याच्या बरोबर ऱ्हव, चुकला माकला पोटात घाल. आणि सगळे म्हणाले, होय महाराजा. त्यात त्याचं नाव घेतलं, सोळा वर्षांच्या पोराचं. मी खांबाला टेकून उभी होते आणि सगळ्यांबरोबर मीही होय महाराजा म्हटलं, नाही म्हणायची सोय नव्हती. त्या दिवसापासून गावाच्या दृष्टीने गाडी त्याची झाली. देवासमोर नाव घेतलंय, आता आणखी कोणाची सही पाहिजे? दुसरीकडच्या लोकांना हे वेडेपणाचं वाटेल, पण आपल्या वाडीत कोणालाच वाटलं नाही. तुम्ही त्याला अठराव्या वर्षी ओरोसला नेऊन लर्निंग काढून आणलंत खरं, पण पक्क्या परीक्षेची तारीख आंब्याच्या दिवसांत आली आणि गेली. सहा महिन्यांत लर्निंग मेलं. तुम्ही ते लॅमिनेशन करून टेम्पोत देवाच्या फोटोमागे खोचलंत, आणि लॅमिनेशनमुळे ते पुढची कित्येक वर्षं नवंच्या नवं दिसत राहिलं. कोणी विचारलं तर तुमचं उत्तर ठरलेलं, "ह्याका कित्याक होयो कागद? ह्याचो हात बघा."

मला मात्र कागदच मिळाला. स्वतःच्या पगारातून मोटार ट्रेनिंगवाल्याला पैसे भरून, त्याच्या गाडीत शिकून, दोनदा रिव्हर्सला नापास होऊन मी लायसन्स काढलं. घरी आणून तुमच्या हातात दिलं. तुम्ही चष्मा लावून ते उलटंपालटं केलंत आणि म्हणालात, "फोटो बरो इलो." मग रेडिओजवळ ठेवून दिलंत. मी दिवसभर वाट बघितली, तुम्ही म्हणाल चल, जरा तिठ्यापर्यंत चालवून दाखव. तुम्ही टेम्पोची चावी घेतलीत आणि त्याला हाक मारलीत, बर्फ आणायचा होता.

आयुष्यात एकदाच बसलात माझ्या शेजारी. शेवटच्या वर्षी, त्याला ताप होता आणि तुम्हाला तपासायला ओरोसच्या हॉस्पिटलात न्यायचं होतं, तेव्हा मैत्रिणीची गाडी मागून मीच नेलं. कुडाळपर्यंत तुमचा उजवा पाय सारखा दाबत होता. ब्रेक माझ्या बाजूला होता आणि तुम्ही तो तुमच्या बाजूला शोधत होतात. प्रत्येक वळणावर, प्रत्येक म्हशीला. मी चाळीसच्या वर गेले नव्हते. त्याच्या शेजारी बसलात की तुम्ही झोपायचात, बाबा. घाट उतरताना मान खाली टाकून, तोंड उघडं ठेवून घोरायचात. तुम्ही मला काहीही दिलं नसतंत तरी चाललं असतं, पण त्या परतीच्या वाटेवर पाच मिनिटं डोळा लागला असता तुमचा, तर मी कोणाबद्दल काही मनात ठेवलं नसतं. असं मला वाटतं तरी.

तुम्ही गेल्यावर टेम्पो तोच चालवायला लागला. देवबागच्या होमस्टेवाल्यांचं सामान, गॅसचे सिलिंडर, बर्फ, कधी पाहुण्यांच्या बॅगा. सगळे ओळखीचे, कोणी कधी कागद मागितला नाही. मी दरवर्षी सांगायचे, अरे लायसन्स काढ, आता दंड पूर्वीसारखा शंभर-दोनशेचा राहिला नाही, पकडला तर चालवणाऱ्याला पाच हजार, ज्याने गाडी दिली त्याला वेगळे, वर तुरुंगाचंही कलम आहे, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करतील. तो हसायचा. "तू आसस मां कागदवाली," म्हणायचा. चिडवायला म्हणायचा, त्याच्या मनात काही नसायचं, हे मला कळत होतं आणि तरी झोंबायचं.

मग कर्ज काढून मी माझी गाडी घेतली. लहानशी, पांढरी, माझ्या एकटीच्या नावाची. लग्न केलं नाही, सोनं केलं नाही, गाडी केली. आई म्हणाली देवळात नेल्याशिवाय चालवायची नाही. नेली. तोच गावकार, आता म्हातारा झालेला, गाऱ्हाणं घालायला उभा राहिला आणि सवयीने म्हणाला, ही गाडी जो चलयतलो त्या झिलाच्या हाताक यश दी. पुन्हा त्याचं नाव. गाडी माझी, कर्ज माझं, लायसन्स माझ्या पर्समध्ये, आणि मागणं त्याच्यासाठी. मी आईकडे बघितलं, तर ती डोळे मिटून हात जोडून उभी. त्यालाही कळलं असावं, तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताय, सांगू काय त्यांका परत घालूक?" मी म्हटलं, राहू दे. आणि होय महाराजा म्हटलं. गाडीतून पहिली फेरी त्यानेच मारली, गावकाराला घरी सोडायला.

आता तो रविवार. मला सुट्टी होती. त्याचा टेम्पो गॅरेजला होता आणि कुडाळ स्टेशनवर पाहुणे उतरणार होते. सकाळी आठच्या सुमाराला तो न्हाऊन, नवीन शर्ट घालून माझ्यापुढे उभा राहिला. "ताय, चावी दी गो. पावण्यांका देवबागेक सोडूचा आसा, अकराक परत येतंय." मी चावी दिली. तो तिठ्याकडे गेला, लांबून पोलीस गाड्या तपासताना दिसले, आणि तो आतल्या रस्त्याला वळला, वाडीतून जातो त्या. दोन्ही बाजूंना गडगे, समोरून कोणी आलं तर एकाने मागे जायचं असा रस्ता. तिथल्या वळणावर पाववाला समोरून आला. त्याने भोंगा वाजवला होता म्हणे. एवढा हात बसलेला माणूस, पण पोलीस मागून येतात की काय म्हणून आरशात बघत होता. पाव सगळ्या रस्त्यावर पसरले होते, असं लोक सांगतात. त्यानेच पाववाल्याला उचलून गाडीत घातलं आणि कुडाळला हॉस्पिटलात नेलं. पळून गेला नाही, हे मी पहिल्यापासून सगळीकडे सांगत आलेय.

दुपारी आम्ही ठाण्यात होतो. तो बाकावर बसलेला, शर्टावर रक्त, आई त्याच्या शेजारी, आणि गावकार मला बाहेर फणसाखाली घेऊन गेला. तुमचा दोस्त तो, मला लहानपणापासून बघितलेला. म्हणाला, "बाय, एका वाक्याचो प्रश्न आसा. गाडी तुझी, लायसन्स तुझा. तूच चलयत होतंस म्हणान सांग. इन्शुरन्सवालो भरतलो, पाववाल्याक पैसे गावतले, तुझ्या भावाचा नाव येवचा नाय. कोणाचा काय वाईट होता सांग." आई मागून आली. तिने माझा हात धरला, कधी धरत नाही ती. "तुझ्याकडे कागद आसा मां बाय. त्याका आत टाकल्यानी तर मी काय करू?" बघा बाबा, ज्याला घरात कधी कोणी विचारलं नाही तो माझा कागद सगळ्यांना एकदम हवासा झाला. वीस वर्षं तो गाडी चालवणारा आणि मी वजन, आणि पहिल्यांदा मला चालक करायचं ठरलं ते त्याने माणूस पाडल्यावर. एरवी मी खोटं बोलत नाही असं नाही. लॅबमध्ये पेशंटला धीर द्यायला दिवसाला चार खोट्या गोष्टी बोलते. पण फणसाखाली उभी असताना माझ्या मनात न्याय नव्हता, पाववालासुद्धा नव्हता, फक्त एवढंच होतं की माझं लायसन्स मी त्याला वापरायला देणार नाही.

आत गेले. हवालदारांनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं? मी म्हटलं, भाऊ. लायसन्स आहे त्याच्याकडे? नाही. आई बाकावर बसल्या बसल्या म्हणाली, "शिरा पडो त्या कागदार," आणि पदर तोंडाला लावला. तो मान हलवून हो म्हणाला, जणू मी त्याच्या वतीने बोलले.

पुढचं सगळं कागदावर आहे, तुम्हाला थोडक्यात सांगते. त्याच्यावर बेदरकार चालवल्याची आणि विनापरवाना चालवल्याची केस झाली. विनापरवाना माणसाच्या हाती गाडी दिली म्हणून दंड मलाही झाला. पाववाल्याने भरपाईचा दावा लावला तेव्हा इन्शुरन्सचे वकील उभे राहिले आणि त्यांनी मला विचारलं, भावाकडे लायसन्स नाही हे तुम्हाला माहीत होतं का? आमच्या वकिलांनी आधीच समजावलं होतं, गाडीचा मालक अंधारात होता असं ठरलं तर कंपनीला सहज अंग काढता येत नाही. मला माहीत नव्हतं, एवढं म्हणायचं होतं. एका घरात राहून मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, माहीत होतं. मग निकाल आला, कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग गाडीच्या मालकाकडून वसूल करावेत. मालक मी. माझी गाडी विकली, तरी पुरलं नाही. त्याने मला न विचारता तुमचा टेम्पो विकला आणि पैसे माझ्यापुढे ठेवले. टेम्पो गेला तो असा. उरलेलं आम्ही दोघं अजून फेडतोय, आणि दर महिन्याला त्याचा वाटा माझ्याआधी तयार असतो. यातही तो पहिला.

फौजदारी केसमध्ये त्याने गुन्हा कबूल केला. दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा झाली. मला वाटलं होतं मला समाधान होईल. मी रजा काढून गेले, मागच्या बाकावर बसले. तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत भिंतीशी बसून होता, चपला बाजूला काढून, देवळात बसतात तसा. जेवणाच्या सुट्टीत मी डबा दिला तर म्हणाला, "तू खाल्लंस?" मी आधी पाववाल्याकडेही गेले होते, हॉस्पिटलात असताना. कोण चालवत होतं यावरून बाहेर काय चाललंय ते त्याच्या कानावर गेलं होतं. तो म्हणाला, "बाय, कोण चलयत होतो ता तुमी ठरवा. माका पाय होयो." पाय काही त्याला मिळाला नाही. आता तो तिठ्यावर टेबल मांडून बसतो, गिऱ्हाईक त्याच्याकडे येतं. मी एसटीतून उतरले की पाव घेते. भोंगा अजून टेबलावर ठेवलेला असतो.

लोक मला खऱ्याची म्हणतात ते या दोन उत्तरांवरून. भाऊ चालवत होता, आणि लायसन्स नाही हे मला माहीत होतं. दोन्ही खरी आहेत. पण ठाण्यातलं एक वाक्य वर लिहायचं मी गाळलं. माझी उत्तरं लिहून झाल्यावर पलीकडच्या टेबलावरचा तरुण पोलीस मान वर करून हवालदारांना म्हणाला, "मॅडमचे कागद मी स्वतः सकाळी तिठ्यावर बघितलेत. सगळं व्यवस्थित होतं." माझी बाजू घ्यायला म्हणाला बिचारा. आणि ते खरं होतं. त्या रविवारी सुट्टी असूनही सकाळी सातला मी एका म्हाताऱ्या बाईचं उपाशीपोटी रक्त घ्यायला गेले होते, आणि परत येताना तिठ्यावर मला अडवलं होतं. मी लायसन्स दाखवलं. त्याने हसून "जावा मॅडम" म्हटलं. मला इतकं छान वाटलं होतं की घरापर्यंत मी गुणगुणत आले. थोड्या वेळाने तो चावी मागायला आला तेव्हा तिठ्यावर पोलीस आहेत हे मला चांगलं ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. मला हवं होतं त्याला अडवलेलं. ओळखीच्या माणसांसमोर गाडी बाजूला घ्यायला लावावी, कागद मागावा, त्याने खिसे चाचपावेत आणि त्यांनी हसावं. त्याचा दंड, माझा दंड, दोन्ही भरायची माझी तयारी होती, एवढं मला ते हवं होतं. तो आतल्या रस्त्याला वळेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं नाही असं मी स्वतःला सांगते.

पोलीस ते वाक्य बोलला तेव्हा भाऊ माझ्यापासून तीन हातांवर बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग खाली बघून तो शर्टावरचा डाग नखाने खरवडत राहिला. त्याला कळलं, बाबा. सगळं कळलं त्याला. आई रडत होती, तिने ऐकलं नाही. गावकार बाहेर होता. तुमच्या झिलाने आईला सांगितलं असतं, वकिलाला सांगितलं असतं, नुसतं गावात एकाला सांगितलं असतं, तर मी आज कुठे तोंड दाखवलं असतं? दोन वर्षं झाली. भांडणं झाली आमची, पैशावरून, आईच्या औषधावरून, पण त्यातही ते त्याच्या तोंडून निघालं नाही. मी असते तर पहिल्याच भांडणात काढलं असतं. मला त्याच्या हाताचा हेवा वाटायचा, तुमच्या झोपेचा वाटायचा, गाऱ्हाण्यातल्या नावाचा वाटायचा, ते सगळं मी तुमच्यावर ढकलू शकते. या गप्प राहण्याचा वाटतो तो सगळ्यांत जास्त वाटतो, आणि ते तुम्ही त्याला शिकवलं नव्हतंत. ते त्याचं त्याचं आहे.

संध्याकाळी तो आला की पाकीट त्याला देईन. फोडलेलं आहे, तेही सांगेन. सोमवारपासून एका मासळीवाल्याच्या गाडीवर लागणार आहे तो. हे पत्र मात्र मी कुठेही टाकणार नाही. लिहायचं होतं ते त्याला, तुम्हाला नव्हे. तुम्ही वाचणार नाही हे माहीत होतं, म्हणूनच तुमच्या नावाने लिहायला घेतलं.